चष्म्यावरची वाफ

नवऱ्याने औषधांची सात खोकी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली, काही उभी, काही आडवी, आणि खोकत खोकत म्हणाला, "हं, वळा आता बाईसाहेब."

ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तोंडावर मास्क, नाकावर चष्मा. वळायच्या आधी तिने मास्कच्या आत तीन-चार मोठे श्वास सोडले, तशा काचा पांढऱ्या झाल्या. मग कच्ची वही हातात धरून, सभेत चालायची तशीच, ना हळू ना भरभर, ती टेबलाच्या कडेने गेली आणि प्रत्येक खोक्यासमोर पेन्सिलीने एकेक रेघ ओढत गेली. खोकं उभं दिसलं की उभी रेघ, आडवं दिसलं की आडवी.

"सातपैकी सात," नवऱ्याने वही तपासून जाहीर केलं. "बाईसाहेब पास."

"पुन्हा मांडा."

"अगं, चौथ्यांदा आहे हे. माझी सकाळची गोळी कुठल्या खोक्यात होती, तेच आता मला कळेना."

"अहो, मांडा ना पुन्हा."

त्याने मांडली. या खेपेला तिची एक चुकली. पाचवं खोकं आडवं होतं आणि तिने उभी रेघ ओढली होती. नवरा हसायला लागला, पण तिने मास्क खाली ओढल्यावर तिचा चेहरा त्याला दिसला आणि त्याने हसू आवरलं.

"पाचवंच नेमकं," ती म्हणाली.

गावात तिला सगळे टाचणीबाई म्हणत. नगरपालिकेच्या सभांचं इतिवृत्त ती एकतीस वर्षं लिहीत होती आणि स्टेपलर येऊन गंजून गेला तरी कागद टाचणीनेच टाचत होती. नाव पडायला तेवढं कारण पुरलं असतं, पण आणखीही एक होतं. सभेत कोणी "साधारण", "बऱ्याच", "लवकरच" असं काही म्हणालं की ती मान वर करून विचारायची, "म्हणजे किती?" मोठमोठ्या वक्त्यांची हवा या दोन शब्दांनी गेलेली गावाने पाहिली होती. एकतीस वर्षांत तिच्या इतिवृत्तात एकाही अक्षराची दुरुस्ती झाली नव्हती, आणि ती निवृत्त व्हायला आता एक महिना उरला होता.

साथ आल्यापासून राज्य सरकारने मास्कविषयी तीन परिपत्रकं काढली. पहिल्यात मास्क सक्तीचा होता, दुसऱ्यात ऐच्छिक, आणि तिसऱ्यात 'स्थानिक परिस्थिती पाहून ज्या त्या नगरपालिकेने निर्णय घ्यावा' असं होतं. म्हणजे वरच्यांनी हात झटकले आणि घोंगडं गावाच्या गळ्यात आलं. नदीपलीकडच्या गावाने सक्ती साफ नाकारली. त्यामुळे पुलाच्या एका टोकाला आपण शहाणे की दुसऱ्या टोकाला ते, यावरून इथे पंधरा दिवस नुसती जुंपली होती. सख्खे भाऊ एकमेकांच्या दुकानात जाईनासे झाले. शेवटी ठराव सभेपुढे आला.

सभासद सात, आणि त्यांची मत द्यायची पद्धत अशी की बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो आधी हसायचा. प्रत्येक सभासदासमोर वीतभर उंचीचा एक लाकडी ठोकळा, त्यावर त्याचं नाव रंगवलेलं. ठराव मान्य असेल तर ठोकळा उभा ठेवायचा, अमान्य असेल तर आडवा पाडायचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका अध्यक्षांना कमी ऐकू यायचं आणि ते कबूल करायची लाज वाटायची, त्यांनी काढलेली ही युक्ती. ते गेले, ठोकळे राहिले. इतिवृत्त लिहिणाऱ्याने समोरून फेरी मारायची, कच्च्या वहीत रेघा ओढायच्या आणि बेरीज अध्यक्षांना सांगायची. कोणाचं मत कुठे पडलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी नावानिशी फलकावर लागायचं. एरवी सगळे एकाच टेबलाभोवती बसत, त्यामुळे त्यात लपण्यासारखं काही नव्हतं. पण ही सभा साथीमुळे शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये झाली. सात जण सात बाकांवर, एकमेकांपासून लांब, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना परीक्षेत लावतात तसे पुठ्ठ्याचे आडोसे. लोक मागच्या दारांपाशी. ठोकळे दिसत होते ते फक्त तिला.

चार उभे, तीन आडवे. अध्यक्षांनी "ठराव मंजूर" म्हटल्याबरोबर मागे गोंधळ उडाला. सभासदांमध्ये सगळ्यात मोठ्याने ओरडला तो पाचव्या बाकावरचा फोटोवाला. आडोशावरून डोकं काढून तो विचारत होता, "फुटलं कोण रे आपल्यातलं?"

दुसऱ्या दिवशी फलकावर कागद लागला, तेव्हा फुटलेला तोच निघाला.

गावात मास्कला विरोध करणारा पहिला माणूस म्हणजे हा फोटोवाला. "तोंडं झाकली तर मी काय लोकांच्या कोपरांचे फोटो काढू?" हे त्याचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. त्याच्या दुकानावर 'चेहरा आपला, हक्क आपला' असा हातभर अक्षरांचा फलक होता आणि दुकानापुढच्या बाकावर त्याची माणसं सकाळपासून बसलेली असत. फलकावरचा कागद वाचून तो तडक तिच्या टेबलापाशी आला. मागे आठ-दहा जण होते.

"बाई, माझा ठोकळा आडवा होता."

"मला उभा दिसला."

"तुमच्या चष्म्यावर वाफ होती. मी पाहिली, सगळ्या गावाने पाहिली."

वाफ होती हे खरं होतं. फेरी मारताना तिने दोनदा चष्मा पदराने पुसला होता.

संध्याकाळपर्यंत गावाने उरलेलं स्वतःच जुळवलं. टाचणीबाईचा नवरा तीस वर्षं पिठाच्या गिरणीत होता, पीठ त्याच्या छातीत बसलं होतं, चार पायऱ्या चढला की त्याला धाप लागायची. त्याला ही साथ गाठती तर दुसरा दिवस दिसता ना. घरात असा नवरा असल्यावर बाईला ठोकळा उभा दिसणारच, असं लोक म्हणू लागले. किराणावाला तिचं सामान मोजताना म्हणाला, "बाई, काट्यावरचा आकडा मीच वाचतो हं, तुमची वाफ नको." दुकानातले सगळे हसले. ती पिशवी घेऊन घरी आली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून नुसती उभी राहिली. तिला रडू आलं होतं. एकतीस वर्षांत असं तिला कोणी बोललं नव्हतं.

पण रडून झाल्यावर जे उरलं ते रागापेक्षा कुतूहल होतं, आणि ते तिला झोपू देईना. लोक म्हणतात ते खोटं कशावरून? आपण पाहिलं ते पाहिलं, की पाहायचं होतं ते पाहिलं? तिच्या मनातून ठराव व्हायला हवा होता, अगदी देव पाण्यात घालून व्हायला हवा होता. मग डोळ्यांनी मनाला मदत केली नसेल कशावरून? म्हणून ही औषधांची खोकी. पाच फेऱ्यांत पस्तीस खोकी झाली आणि चूक एक. पण ती एक पाचव्याच जागी, आणि आडव्याला उभं लिहिण्याचीच.

तिने कच्ची वही पुन्हा उघडली. सभेच्या दिवशीचं पान. पहिली रेघ उभी, दुसरी उभी, तिसरी आडवी, चौथी आडवी. पाचव्या जागी रेघ नव्हती, बेरजेचं चिन्ह होतं. आधी आडवी ओढलेली, मग तिच्यावरून उभी. सहावी आडवी, सातवी उभी.

"हे काय?" नवऱ्याने खांद्यावरून वाकून विचारलं.

"हेच आठवत नाही." ती पेन्सिलीचं टोक त्या चिन्हावर ठेवून बसली. मग हळूहळू आठवत गेलं. "पाचव्या बाकापाशी पोचायच्या आधीच मी आडवी ओढून टाकली होती. त्याचं मत काय असणार ते माहीतच होतं ना. आणि मग वर पाहिलं."

"आणि?"

"आणि मग उभी ओढली."

नवरा खुर्चीत टेकला. धाप खाली बसू दिली. मग म्हणाला, "म्हणजे तू त्याचा 'नाही' धरूनच चालली होतीस."

"हो."

"मग वाफेतून 'हो' दिसायचं कारण काय? वाफेत माणसाला जे ठाऊक असतं तेच दिसतं."

"किंवा जे हवं असतं ते," ती म्हणाली आणि तिने वही मिटली.

अध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं ते मंगळवारी. ते गुरांचे डॉक्टर होते, हळू बोलायचे आणि समोरच्याच्या खांद्यावर थोपटायची त्यांना सवय होती. साथीत ती सवय बंद पडल्यामुळे ते टेबलालाच थोपटत होते.

"बाई, मला तुमच्याबद्दल शंका नाही. पण बाहेर वातावरण बरं नाही. काल दोघांनी दवाखान्यात येऊन दम दिला, म्हशीसमोर. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की चष्म्यावर वाफ असल्यामुळे पाचव्या मताबद्दल खात्री देता येत नाही."

"म्हणजे ठराव पडला."

"पडला. पण मिटलं." त्यांनी पुन्हा टेबल थोपटलं. "मीही उभाच ठेवला होता, बाई. मलाही तो हवाच आहे. पण तुमच्या निवृत्तीला महिना राहिलाय, असं नाव खराब होऊन जायचं का तुम्हाला?"

तिने विचारलं, "फोटोवाल्यांनी अर्ज दिलाय?"

"कसला?"

"दुरुस्तीचा. इतिवृत्तात मत चुकलं असेल, तर ज्याचं मत त्यानेच लेखी अर्ज द्यायचा, सहीनिशी, पुढच्या सभेच्या आत. दुसऱ्या कोणाला देता येत नाही आणि अर्जाशिवाय मलाही हात लावता येत नाही. त्यांना नियम माहीत आहे. गेल्या वर्षी त्यांनीच वाचून दाखवला होता."

अध्यक्ष थोपटायचे थांबले. "दिला असेल की."

"आवकच्या ट्रेमध्ये मी रोज दोनदा बघते. गावभर ओरडतायत, पण ट्रेमध्ये कागद नाही."

"विसरला असेल."

"असेल," ती म्हणाली. पण तिचं कुतूहल आता स्वतःच्या डोळ्यांवरून उठून त्याच्याकडे वळलं होतं, आणि टाचणीबाईचं कुतूहल एकदा जिकडे वळलं की मधल्यांनी बाजूला व्हावं हे बरं.

निमित्त हाताशी होतं. निवृत्तीच्या कागदांना सहा फोटो लागत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानापाशी पोचली तेव्हा बाकावर पाच जण होते, सगळे उघड्या तोंडाचे. बोलणं थांबलं. एक जण म्हणाला, "बाई, हा बाक उभा आहे की आडवा?" बाकीचे मांड्यांवर हात मारून हसले.

फोटोवाल्याने आतून पाहिलं. "या," तो एवढंच म्हणाला आणि पडदा बाजूला करून तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. निळ्या पडद्यासमोर एक स्टूल, दोन दिवे, तिपाईवर कॅमेरा. त्याने दार लोटून घेतलं.

"मास्क काढावा लागेल. निवृत्तीला चेहरा लागतो."

तिने मास्क काढून पर्समध्ये ठेवला. त्याने दिवे लावले, कॅमेऱ्यामागे गेला आणि पाठ वळवून खिशातून काहीतरी काढलं. पुन्हा वळला तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता. नीट बसवलेला, नाकावरची पट्टी दाबलेली. नवखा हात नव्हता तो.

ती पाहतच राहिली.

"लेन्सवर श्वास बसतो," तो म्हणाला.

"केस नीट करते. आरसा?"

"मागे आहे... थांबा, मी आणतो."

पण ती उठली होती. मागची खोली दोनच पावलांवर होती आणि तिचं दार अर्धवट उघडं होतं. आरसा समोरच्या भिंतीवर होता, पण आरशापर्यंत ती पोचली नाही. मधल्या लांब टेबलावर जुने फोटो पसरले होते. कुठे शाळेचा वर्ग, कुठे लग्नातली गर्दी, कुठे सहलीतली माणसं हातात हात घालून उभी. प्रत्येक फोटोत एकाच चेहऱ्याभोवती लाल खडूचा गोल होता. आणि भिंतीला टेकून, मोठे करून चौकटीत बसवलेले तेच चेहरे ओळीने उभे होते. पोस्टमन. शिकवणी घेणाऱ्या बाई. बाकावर नेहमी डावीकडे बसायचा तो रंगारी. पाववाल्याची आई. लग्नातल्या गर्दीतून कापून काढल्यामुळे तिच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात तसाच राहिला होता.

हे फोटो कशासाठी असतात ते सांगावं लागत नाही. जिवंत माणूस असा गर्दीतून कापून कोणी काढत नाही.

तो दाराशी येऊन उभा होता.

"किती?" तिने विचारलं. तिचा नेहमीचा प्रश्न, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"एकवीस. या महिन्यातले."

"नगरपालिकेच्या फलकावर नऊ आहेत."

"फलकावर दवाखान्यातले येतात. माझ्याकडे घरातलेही येतात." त्याने रंगाऱ्याची चौकट जराशी सरळ केली. "आधी लोक यायचे तेव्हा म्हणायचे, हसरा काढा. आता येतात आणि विचारतात, यातून एकटा निघेल का? मी म्हणतो, निघेल. दिवसभर हेच काढत बसतो, आणि मग बाहेर जाऊन बाकावर भाषण करतो."

"मग त्यांना सांगा की हे. तुमचं ऐकतात ते."

"ऐकतात, कारण त्यांच्या मनातलं बोलतो. उद्या उलटं बोललो तर बाक उचलून पलीकडच्या कोणाच्या तरी दारात नेतील. तो माझ्याहून कडक असेल. मग उरलेले मास्कही उतरतील." तो थांबला. "बाई, मी ठोकळा आडवाच ठेवला होता. कोणीही विचारलं तरी मी तेच सांगणार. शेवटपर्यंत."

"आणि अर्ज?"

तो बाहेर गेला, कॅमेऱ्यामागे उभा राहिला. ती येऊन स्टुलावर बसली. केस नीट करायचे राहिलेच.

"हनुवटी थोडी खाली," तो म्हणाला. "डोळे इकडे."

दिवा चमकला. त्याने फिल्म पुढे सरकवली आणि कॅमेऱ्यातून डोळा न काढता बोलला. "तुमच्या लग्नाचे फोटो माझ्या वडिलांनी काढले होते. निगेटिव्ह अजून आहेत. गावातल्या सगळ्यांचे आहेत, वर्षाप्रमाणे लावलेले. परवा एकाचं शोधताना तुमच्या यजमानांचं हाताला लागलं." दिवा पुन्हा चमकला. "मी ते परत जागेवर ठेवलं. मला ते शोधायला लावू नका."

बाहेर पडताना त्याने मास्क उतरवून खिशात घातला आणि दार उघडता उघडता आवाज चढवला. "आणि इतिवृत्त लिहिताना काचा पुसत जा!" बाकावर हशा पिकला. तिने मास्क लावला आणि ती चालू लागली.

रस्ताभर ती गणित मांडत होती, आणि गणित सोपं होतं. तिला आपलं नाव धुऊन काढता येत होतं. वहीतलं ते चिन्ह दाखवायचं, मागच्या खोलीत काय पाहिलं ते सांगायचं, की लोकांना कळलं असतं तिची नजर चुकलेली नाही ते. पण मग बाकावरच्या माणसांनी त्याला त्याच पावली नगरपालिकेत आणून अर्जावर सही करायला लावली असती. त्याने केलीही असती. ठोकळा आडवा झाला असता, ठराव पडला असता. तिचं नाव उजळ, आणि दाराबाहेर गाव उघड्या तोंडाने. तिला वाटलं, एकतीस वर्षं जपलेली गोष्ट अशी कोणाच्या तरी खिशात घालून यायची? तिला त्याचा संताप आला. मग पाववाल्याच्या आईच्या खांद्यावरचा तो परका हात आठवला आणि संताप धरून ठेवता येईना.

घरी नवऱ्याने विचारलं, "आले का फोटो बरे?"

"केस विस्कटलेले आले असतील," ती म्हणाली.

पुढची सभा पंधराव्या दिवशी, त्याच हॉलमध्ये, त्याच आडोशांत. मागच्या दारांपाशी लोकांची दुप्पट गर्दी. फरक एवढाच की नियम लागू असल्यामुळे मास्क सगळ्यांच्या तोंडांवर होते, कोणाचे वर, कोणाचे हनुवटीवर. सभा सुरू झाली तेव्हा अध्यक्षांनी विषयपत्रिका डोळ्यांजवळ धरली.

"विषय पहिला. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. दुरुस्तीचा अर्ज आलाय का?"

ती उठली. "एकही नाही."

मागे कुजबुज सुरू झाली आणि वाढत गेली. कोणीतरी ओरडलं, "अहो, तुमचा अर्ज कुठाय?" पाचव्या बाकावरून फोटोवाला सावकाश उठला. त्याने आडोशावर दोन्ही हात ठेवले.

"अर्ज मी दिलेला नाही," तो म्हणाला. "लिहून ठेवला होता, खिशात आहे. पण मी विचार केला. चूक झाली ती झाली. बाईंचं वय झालं, चष्म्यावर वाफ येते, माणूस आहे. एकतीस वर्षं ज्या बाईने गावाची अक्षरं लिहिली, तिच्या निवृत्तीच्या तोंडावर मी तिच्याविरुद्ध कागद देऊ? माझ्याच्याने ते होणार नाही. माझं मत गेलं तरी चालेल. बाईंची चूक मी पोटात घालतो."

मागून टाळ्या पडल्या, आधी तुरळक, मग सगळ्यांच्या. त्याच्या विरोधात असलेलेही टाळ्या वाजवत होते. माणूस मोठ्या मनाचा निघाला याचा लोकांना फार आनंद होतो, त्यात आपलं काही जात नसतं.

अध्यक्ष तिच्याकडे पाहत होते. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, पण त्या डोळ्यांत प्रश्न होता. "बाई, तुम्हाला यावर काही म्हणायचंय?"

तिच्या टेबलावर कच्ची वही उघडी होती. बोटाखाली ते चिन्ह होतं. मागच्या दारापाशी किराणावाला टाचा उंचावून बघत होता. तिचे कान तापले होते आणि काचांवर खरोखरच वाफ धरली होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"वाफ येते खरी," ती म्हणाली.

मग ती खाली बसली आणि फोटोवाल्याचं भाषण तिने शब्दशः लिहून काढलं. 'बाईंची चूक मी पोटात घालतो' हे वाक्यही. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

"इतिवृत्त कायम करण्यासाठी मत," अध्यक्ष म्हणाले.

ती फेरीला निघाली. या खेपेला तिने कोणाचीही रेघ आधी ओढली नाही. पाचव्या बाकापाशी थांबली. ठोकळा उभा होता. त्याने तो दोन्ही तळव्यांमध्ये धरला होता, वाऱ्याने पडेल म्हणून धरावा तसा, आणि हॉलमध्ये तर वारा नव्हताच. त्याने वर पाहिलं नाही. तिने एक उभी रेघ ओढली आणि पुढे गेली.

इतिवृत्त कायम झालं की कच्चं पान फाडायचं, हा तिचा स्वतःचाच एकतीस वर्षांचा नियम. दोन नोंदी राहिल्या की भांडणं राहतात, असं ती नव्या कारकुनांना सांगायची. हॉल रिकामा झाल्यावर तिने पान पट्टी लावून फाडलं, त्याचे आठ तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

घरी जाताना ती दुकानावरून गेली. बाकावरच्या एकाने उठून तिला जागा दिली. "बसा बाई. चुकतो तो माणूसच." त्याचा स्वर चांगला होता, आणि तो चांगला होता हेच तिला जास्त लागलं. फोटोवाल्याने आतून पाकीट आणून तिच्या हातात ठेवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तिनेही नाही.

नवरा खिडकीपाशी तिची वाट पाहत होता. "काय गं, मग? चूक कोणाची निघाली?"

"माझी."

"सातपैकी किती?"

"एक."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तीस वर्षं गिरणीत काढलेल्या माणसाला जात्याच्या आवाजावरून दाणा कळतो. "बरं," तो म्हणाला. "फोटो तरी दाखव."

तिने पाकीट टेबलावर रिकामं केलं. तिचे सहा चेहरे बाहेर पडले, केस विस्कटलेले, डोळे मात्र एकदम चौकस. त्यांच्यामागून बटरपेपरची एक घडी घसरली. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. तिने घडी उलगडून आतली पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेला एक तरुण, काळे दात दाखवून खळखळून हसत होता. शेजारी एक मुलगी मान खाली घालून उभी होती.

"हा काळ्या दातांचा कोण?" नवऱ्याने डोळे बारीक करून विचारलं.

"ओळखा."

तो पाहत राहिला. ओळख पटली तेव्हा हसला, हसता हसता खोकला आणि खोकून झाल्यावर पुन्हा हसला. "फोटोवाल्याने कशाला दिलं हे? त्याच्याकडेच असतात ना?"

"आपल्याकडे राहू दे म्हणाला असेल," ती म्हणाली.

तिने पट्टी घडीत घातली, घडी पाकिटात. सवयीने तिचा हात टाचणीच्या डबीकडे गेला. मग तिने डबीचं झाकण लावलं आणि पाकीट तसंच, भोक न पाडता, कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं.